नाकात वजन

बुधवारी जुन्या बाजारात
बंद पडलेले मिक्सर आणि जोडी हरवलेल्या चपलांच्या मधोमध
अय्युबभाईंनी खोकं कानाशी हलवून दाखवलं.
"ताई, सगळं आहे आत. पण कुणीतरी हात लावलाय."
हंटर. बहात्तरात एक.
झाकणावर ढग, ढगावर चहाच्या कपाचा गोल.
दीडशे म्हणाले, एकशेदहाला दिलं.

हात लावलाय म्हणजे काय, ते धानोरीला आल्यावर कळलं.
डावा पंख वर, उजवा खाली,
सांध्यासांध्यातून गोंद ओघळून सुकलेला,
आणि उजव्या पंखावर एक अंगठा,
लहान, सगळ्या रेषांसकट.

चाळीस वर्षं मी लोकांचे दात केले,
नारायण पेठेत, जिन्याखालच्या लॅबमध्ये.
तोंडं क्वचितच पाहिली. साचे यायचे,
सोबत चिठ्ठीवर शेड आणि तारीख.
दुसऱ्याने बिघडवलेलं निस्तरायची सवय आहे.
अंगठा मी घासून काढला.
कामात माया आणली की फिटिंग चुकतं.

विमान रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं, मटारच्या पिशवीशेजारी.
जुना गोंद थंडीने ठिसूळ होतो.
सकाळी पंख नुसत्या हाताने सुटले.
मग पोटावर दाबलं, कट्,
आणि ते उकललं शेपटीपासून नाकापर्यंत
भुईमुगाच्या शेंगेसारखं.

नाकात, फेव्हिकॉलच्या पिवळ्या ढेकळात,
सायकलचे दोन छर्रे
आणि एक दात.

दुधाचा. खालची दुसरी दाढ, डावीकडची.
बाहेर काढायची गरज नव्हती, तरी काढली,
दिव्याखाली फिरवली.
मूळ विरघळलेलं, आतून पोकळ,
मागच्या कडेला चिमूटभर कीड.
म्हणजे दहा-अकरा वर्षांचा असेल.

सूचनांच्या कागदावर पेन्सिलीने बरोबरच्या खुणा आहेत.
तिसऱ्या पायरीला नाकाकडे बाण: इथे वजन घाला.
नाहीतर विमान शेपटीवर बसतं.
किती ग्रॅम, तेही लिहिलंय.
त्याने घरात होतं ते घातलं.
आमच्याकडे पडलेला दात कौलांवर फेकायचे.
त्याच्या घराला स्लॅब असणार.

आठव्या पायरीला चाकं.
तिथली खूण कागद फाटेल इतकी दाबून केलेली.
पुढे एकही नाही.

पुढचं मी केलं.
मूळच्या रेषा सगळ्या उठावाच्या, अंगावर शहारा आल्यासारख्या.
खऱ्या विमानाला असं काही नसतं, तिथे पत्र्यांमध्ये फटी असतात.
पॉलिश पेपरने सगळ्या उतरवल्या
आणि माझ्या जुन्या प्रोबने पुन्हा कोरल्या, खोल,
चष्मा कपाळावर, श्वास धरून.
कॉकपिटचे पट्टे रक्तदाबाच्या गोळ्यांच्या चांदीतून कापले.
काच पिवळट पडली होती, टूथपेस्टने घासून आरपार केली.
डीकल्समधला केशरी तसाच, हिरवाही तसाच,
पांढरा मात्र ए-थ्रीवर गेलेला, साठीतल्या चहाबाजासारखा.
खिडकीच्या काचेवर आतून चिकटवून ठेवलीत.
एप्रिलचं ऊन फुकट आहे,
दोन आठवड्यांत ए-वनला येतील.

वजनाला ड्रॉवरमध्ये निकेल-क्रोमचं बटण सापडलं,
कुणाच्या तरी कॅपचं ओतकाम करून उरलेलं.
ते आधी बसवलं. छर्रे ठेवले.
दाढ पुसली, आणि होती तशी,
चावायची बाजू पुढे करून, परत चिकटवली.
मग नाक मिटवलं. पुट्टी. घासकाम. पुन्हा पुट्टी.

आज चाकांवर उभं आहे, रंगाशिवाय, करडं.
साडेअकराला लोहगावहून सुखोई उठलं.
हातातला ब्रश मी सवयीने वर धरला.
खिडकी थरथरली, काचेवरची तिरंगी वर्तुळं थरथरली,
बशीतल्या पाण्यावर बारीक सुरकुत्या.
टेबलावर हंटर नखभर सरकलं.

पुढचं चाक उचललं नाही.